बाबांच्या टेस्टचं लांबलचक नाव

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबांची तो शब्द वाचता वाचता गाडी मध्येच अडकली आणि आईने लगेच ठरवून टाकलं की एवढं मोठं नाव म्हणजे आजारपण मोठंच असणार, म्हणून हे सगळं नीट टाइप करतेय. बाबा, आईला वाचून दाखवा.

इसॉफगोगॅस्ट्रोड्युओडिनॉस्कोपी. तोडून म्हणा, इ-सॉ-फ-गो, गॅस-ट्रो, ड्यु-ओ-डि, नॉस-क-पी. जोर द्यायचा तो 'नॉस'वर. आता वर्गात पोरांकडून समासाचा विग्रह करून घ्यायचात ना, तसाच करा. इसॉफगो म्हणजे अन्ननलिका, गॅस्ट्रो म्हणजे जठर, ड्युओडिनो म्हणजे जठराला लागूनचा लहान आतड्याचा पहिला भाग. हे तिघं द्वंद्वात, आणि शेवटी स्कोपी म्हणजे बघणं. तत्पुरुषच झाला की, शेवटचं पद महत्त्वाचं! अख्ख्या शब्दात आजाराचं नावच नाही, नुसतं आत बघणं आहे. शेवटी आयटिस असतं तर सूज, एक्टमी असतं तर कापून काढणं, आई तुझ्या अपेंडिक्सच्या कागदावर होतं ना, अपेंडिसेक्टमी, तसं.

ड्युओडिनम तर बाबांना आवडेलच. इ.स.पू. 300 च्या सुमाराचा हिरोफिलस नावाचा ग्रीक वैद्य, त्याने हा भाग बारा बोटांच्या रुंदीएवढा लांब म्हणून त्याला बारा बोटांचंच नाव दिलं, पुढे त्याचं लॅटिन झालं ड्युओडिनम. त्यातला ड्युओ आपल्या द्वादशातल्या 'द्वा'चाच नातेवाईक.

बाकी इथे हा शब्द पूर्ण कोणी म्हणतच नाही. परळला अपॉइंटमेंट घ्यायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ओजीडी ना? स्कोपीची लाइन तिकडे." ब्रिटिश स्पेलिंग ओ पासून सुरू होतं, म्हणून ओजीडी. आणि वॉर्डातल्या मावशी सरळ दुर्बीण म्हणतात, मला तेच बरं वाटतं.

घशात बधिर करायचा स्प्रे मारतात, मग बारीक नळी तोंडातून आत, साधारण काही मिनिटांचं काम. थोडं उबळल्यासारखं होतं, ते खोटं कशाला सांगू. आदल्या रात्रीनंतर काही खायचं नाही, चहासुद्धा नाही बाबा! रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, मी डॉक्टरांना विचारून कळवते.

तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरलात की पुलावर चढू नका, प्लॅटफॉर्मवरच थांबा, मी येते. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं वरच्या पिशवीत ठेवा. आणि आई, फणसाचे गरे आणू नकोस, बाबा ऐकणार नाहीत.

तुमची,
छोटी