'प्रतोद'च्या गावातून

चि. सईस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, ते साप्ताहिक बंद करा. आठातली सहा पानं वाढदिवसाची, नुसती रद्दी साठते." मी हूं म्हणून गप्प बसलो. फोनवर भांडायला मला जमत नाही, म्हणून लिहितोय.

सहा पानांचं म्हणशील तर खरंच आहे. चौकातला फ्लेक्स आणि आमचं साप्ताहिक यांत हल्ली फारसा फरक उरलेला नाही. तोच नेता, तोच गॉगल, खाली शुभेच्छुकांची तीच रांग. कागदाचं बिल त्यावरच भागतं, त्यामुळे बोलायची सोय नाही. पण मी वर्गणी भरतो ती उरलेल्या दोन पानांसाठी.

अकरा वर्षं मी याच गावात, इस्लामपुरात, छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवले. त्या मागच्या खोलीत शाईचा आणि रॉकेलचा वास कायम असायचा, पुढं ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छापयंत्र, खडखडायचं. आपल्या भागातली नावं बघ: वाळवा, शिराळा, पन्हाळा. 'ळ'चा खण सगळ्यांत आधी रिकामा व्हायचा. मग आधीचं पान छापून होईपर्यंत थांबायचं, ते सोडायचं आणि तेच ळ पुसून पुढच्या पानाला वापरायचे. एकदा तेवढा धीर नव्हता. काळे आडनावाच्या एका म्हाताऱ्यांच्या निधनाची बातमी होती, ळ संपलेला, मी ल लावून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा अंक हातात घेऊन दारात उभा. "माझा बाप काळे म्हणून गेला, काले म्हणून नाही." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, एक ळ आधीच बाजूला काढून ठेवून. पुण्या-मुंबईच्या पेपरात तो माणूस चुकीच्या नावानंसुद्धा आला नसता.

आणि छोट्या गावचा पेपर म्हणून नाक मुरडू नकोस. 1897 साली इथून 'प्रतोद' नावाचं पत्र निघायचं. प्रतोद म्हणजे चाबूक. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आणि गावाला रेल्वे नव्हती (आजही नाही म्हणा). अशा ठिकाणी बसून या पठ्ठ्यांनी लिहिलं कशावर, तर कॅनडावर! तिकडच्या लोकांनी आपला कारभार आपल्या हाती घेतला, मग आपण का घेऊ नये, असा लेखाचा रोख. सरकारनं राजद्रोहाचा खटला भरला. त्याच वर्षी टिळकांना 'केसरी'तल्या मजकुराबद्दल 18 महिन्यांची सजा झाली, ती तू शाळेत शिकलीस. आमच्या संपादकाला साताऱ्याच्या सेशन कोर्टानं जन्मभर काळं पाणी सुनावलं, ते मात्र कुठल्या धड्यात आलं नाही. अपील मुंबई हायकोर्टात गेलं. निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींत महादेव गोविंद रानडे होते. गुन्हा कायम राहिला, शिक्षा एका वर्षावर आली. वाईच्या 'मोदवृत्त'वरही त्याच साली खटला झाला, आणि 1898 मध्ये सरकारनं राजद्रोहाचं कलमच आणखी रुंद करून घेतलं. तालुक्याच्या गावचे पेपर बरं का हे!

मला राहून राहून संपादकापेक्षा त्याच्याकडच्या माणसांचा विचार येतो. तो मजकूर कुणीतरी छापला, कुणीतरी घड्या घातल्या, पत्ते लिहिले, टपालात नेऊन टाकला. त्यांची नावं मला कुठं सापडली नाहीत.

10 सप्टेंबर 1942 ला इथल्या कचेरीवर स्वातंत्र्यासाठीचा मोर्चा गेला, गोळीबार झाला, त्यात पंड्या आणि बारपटे हे दोघे हुतात्मा झाले. तुझ्या आजीनं ते तुला शंभरदा सांगितलंय. दर सप्टेंबरात आमच्या त्या दोन पानांत चार ओळी येतात त्यांच्यावर. गावातला शंभुआप्पा-बुवाफनचा उरूस आला की त्याच्याही येतात. दरवर्षी जवळजवळ त्याच ओळी, मी तरी वाचतो.

इस्लामपूरचं नाव आता कागदोपत्री ईश्वरपूर झालंय. त्यावर मत विचारू नकोस, पत्र लांबेल. जुळवणाऱ्याच्या बाजूनं एवढंच सांगतो की जोडाक्षर याही नावात आहे, त्याही नावात होतं. खिळ्यांचा त्रास सारखाच.

तेव्हा वर्गणी चालू राहील. रद्दीचं म्हणशील तर तुझ्या आईनं त्यातला एक अंक कपाटात साडीखाली ठेवलाय, तुझ्या दहावीच्या निकालाचा. त्यात तुझं नाव 'साई' छापलंय. मी तेव्हा तिथं नव्हतो, नाहीतर हातानं काना काढला असता.

या आठवड्याचा अंक सोबत पाठवतोय. पान तीन बघ, आत्याच्या घरासमोरच्या गटारीची बातमी आहे. गटार अजून तुंबलेलीच आहे, पण काल नगरपालिकेचा माणूस येऊन बघून गेला. हातात अंकच होता त्याच्या.

तुझा,
बाबा