वेण्णा तलावाचा गाळ पावसाआधी काढा

महाबळेश्वरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात वेण्णा तलावाचा काठ उघडा पडतो, हे पाहून जीव तुटतो. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी 1842 साली बांधलेला हा तलाव पर्यटकांना नौकाविहारापुरता ठाऊक असतो. आमच्यासाठी मात्र तो महाबळेश्वर आणि पाचगणीचे पिण्याचे पाणी आहे. ऐन हंगामात, हॉटेले भरलेली असताना, झरे आटतात आणि उपसा सर्वांत जास्त होतो.

पाऊस कमी नाही, साठवण कमी होते आहे. वरच्या उतारांवरची मोकळी माती जांभ्याच्या चढांवरून थेट ओढ्यात येते आणि ओढा तलावाला मिळतो तिथेच बसते. म्हणून आधी गाळ तिथला काढावा, तोही तलाव तळाला असताना, जूनच्या आत. काढलेला गाळ काठावर टाकून ठेवू नये. पहिल्याच सरीत तो परत आत जातो. चांगली माती शेतकऱ्यांनी न्यावी, 2017 पासून त्यासाठी गाळमुक्त धरण योजना आहेच. ओढ्यावर लहान दगडी बांध घातले आणि दरवर्षी त्यांच्यामागचा गाळ उपसला, तर तलावात येणारी माती बरीच वरच अडेल. तलावाच्या मुख्य बांधाची गळतीही तपासावी.

आणि एक साधी मागणी: पाण्याची पातळी दर आठवड्याला फलकावर लिहा. पाहुण्यांनाही ती दिसू द्या.

– एक रहिवासी, पाचगणी