नाव झाकून चिखलफेक

संपादक महाशय, स.न.वि.वि.
आमच्या सोसायटीतल्या एका ताईंबद्दल फेक अकाउंटवरून वाट्टेल ते लिहिलंय, डीपीला गुलाबाचं फूल आणि खाली त्यांच्या मुलीच्या क्लासची वेळसुद्धा, ह्याला काय अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणायचं का? नाव लपवायला माझा विरोध नाहीये, साहेबाचा भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला ते लागतंच. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिल्याबद्दल शिक्षा देणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं तेही उत्तमच झालं, साध्या फेसबुक पोस्टवरून पोरींना अटक झाली होती. पण १८९७ साली ह्याच पुण्यात केसरीत टोपणनावाने छापलेल्या मजकुरासाठी टिळकांना संपादक म्हणून दीड वर्षाची शिक्षा झाली, आणि हे लोक अकाउंट डिलीट करून मोकळे! निदान त्या ताईंची लेखी माफी तरी मागा.
आपला वाचक, कोथरूड, पुणे