हलगीवाल्याने चार सोडले नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रंकाळ्याजवळच्या कार्यक्रमात इथल्या कॉलेजच्या पोरांनी लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडची गाणी बेंजो आणि हलगी-घुमकं-कैताळावर वाजवली, त्याला गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकाने ‘अभिजात रॉकची विटंबना’ म्हटले आहे. मीही त्या कार्यक्रमाला होतो. नावे ठेवायला हरकत नाही, पण आधी पोरांनी काय वाजवले ते तरी कान देऊन ऐकायला हवे होते.

‘काश्मीर’चेच घ्या. १९७५ च्या या गाण्यात गिटार तिनाच्या हिशेबाने फिरते आणि जॉन बोनमचे ड्रम चाराच्या. बारा मात्रांचे आवर्तन झाले की दोघे समेवर भेटतात. गाण्याला जी हत्तीची चाल आली आहे, ती या ओढाताणीतून. पोरांनी गिटारचे काम बेंजोला दिले. लोक हसले, हसणारच. बेंजो वाजला की कोल्हापूरकराला मिरवणूक दिसते. पण बेंजोवाल्याने तीन सोडले नाहीत आणि हलगीवाल्याने चार. मधेच कडकडाट करून टाळ्या घ्यायची सोय त्याला होती, कुणाला चूक कळलीही नसती. गड्याने हात आवरला आणि दणका दिला तो थेट समेवर. मूळ गाणे अंगात मुरल्याशिवाय हा संयम येत नाही.

ही खोडी काही कोल्हापुरात जन्मली नाही. ड्रेड झेपलिन नावाचा बँड १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात निघाला. गाणी लेड झेपलिनची, ठेका जमैकाच्या रेगे संगीताचा आणि गायक कोण, तर पांढऱ्या झगमगीत पोशाखातला, पोट सुटलेला, अमेरिकी गायक एल्विस प्रेस्लेचे सोंग घेतलेला गडी! त्याला टॉवेल आणि पाणी द्यायला स्टेजवर खास एक माणूस. १९९० मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. मूळ गायक रॉबर्ट प्लांट त्यावर चिडला नाही, उलट त्याने दाद दिली. चिडायला तोंड तरी कुठे होते? १९७३ मध्ये लेड झेपलिननेच ‘डायर मेकर’मध्ये रेगेची गंमत करून घेतली होती, आणि नावात ‘जमैका’च्या उच्चारावर कोटी. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा गिटारवादक जिमी पेज आणि प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर आपलीच ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ निराळ्या ढंगात वाजवून गेले. ते ध्वनिमुद्रण रीतसर बाजारात आले २०१५ मध्ये.

पत्रलेखक ज्याला ‘शुद्ध मूळ’ म्हणतात, तेही तितके सोवळे नाही. लेड झेपलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’च्या शब्दांवरून ब्लूज गाणी लिहिणारे अमेरिकी गीतकार विली डिक्सन १९८५ मध्ये कोर्टात गेले. पुढे तडजोड झाली आणि त्यांचे नाव गाण्याला लागले.

आणि आपल्याकडे? आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी १९११ च्या ‘मानापमान’साठी उत्तरेकडच्या ठुमऱ्यांच्या चाली मराठी पदांना चढवल्या, त्या अजून मैफिलीत मानाने गायल्या जातात. गल्लीतले भजनी मंडळ सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणते तेव्हा तर आपण टाळ धरतो.

म्हणून सगळेच झकास झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. ‘स्टेअरवे टू हेवन’मध्ये तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे कडवे घुसडले होते, ते निव्वळ हशा वसूल करण्यासाठी. कोल्हापुरात रश्श्याचे नाव काढले की शिट्ट्या पडतातच, त्यात कसब ते काय? ‘काश्मीर’मध्ये गंमत सुरांतून आली होती, इथे ती वरून चिकटवली. शिवाय निम्म्या पब्लिकने मूळ गाणी ऐकलेलीच नव्हती. माझ्या शेजारची मंडळी हलगीवर मनसोक्त नाचत होती, पण त्यांच्या लेखी ते नवे गाणे होते; थट्टा कसली चालली आहे याचा पत्ता नाही. असे नाचण्यात वाईट काही नाही. तरी प्रत्येक गाण्याआधी मूळ रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारी सुरांची ओळ, गिटारवर अर्धा मिनिट वाजवून दाखवली असती, गाण्याचे नाव सांगितले असते, तर त्यांनाही खोडी कळली असती. निवेदकाने तेवढा वेळ पाहुण्यांच्या सत्कारात घालवला.

पोरांना दोनच सूचना. रश्श्याचे कडवे गाळा. आणि फलकावर गिटार, बेंजो, गायक सगळ्यांची नावे होती, हलगी, घुमकं आणि कैताळवाल्यांपुढे नुसते ‘साथसंगत’ होते. पुढच्या वेळी त्यांचीही नावे लिहा, त्याच अक्षरात.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर