पट्टीची बेरीज जुळवून देणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची पेढी आमच्यापासून चार गाळे सोडून, त्यामुळे हे पत्र हातातही देता आलं असतं. पण सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्यासारखे दिवाणजी पुष्कळ आहेत, आणि ॲक्सेसच्या, म्हणजे संगणकावर नोंदी ठेवायच्या प्रोग्रामच्या, फॉर्मवर बेरजेच्या जागी '#एरर' दिसलं की मुकाट्यानं कॅल्क्युलेटर ओढणारेही पुष्कळ. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. आभार तुमचे, वाचून कुणाची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब, सुटली तर तेही तुमच्याच खात्यावर.

हळदीचा हंगाम ऐन भरात होता. सौदे उरकले की शेतकरी पट्टीसाठी पेढीवर येऊन बसतो, एक डोळा घड्याळावर, कारण गावची एसटी गाठायची असते. आमचा फॉर्म ज्यानं करून दिला, त्यानं पैसे मिळाल्यावर फोन उचलणं सोडलं होतं. फॉर्म दिसायला झकास: वर शेतकऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि खाली सबफॉर्ममध्ये, म्हणजे आतल्या छोट्या फॉर्ममध्ये, एकेक वक्कल (मालाचा एकेक लॉट), त्याची पोती, वजन, दर. प्रत्येक वक्कलाची रक्कम बिनचूक यायची. एकूण रक्कम तेवढी येत नसे. आणि पट्टीत शेतकरी बघतो तो तेवढाच आकडा.

तुम्ही आलात आणि कीबोर्डला हातच लावला नाहीत. "दिवाणजी, आधी जुन्या पट्ट्यांची फाईल काढा," म्हणालात. त्यातून निवडून पट्ट्या बाजूला ठेवल्यात: एका वक्कलाची, बऱ्याच वक्कलांची, मागाहून दर दुरुस्त झालेली, नुसतं नाव लिहून थांबलेली. सगळ्या माझ्याकडून हातानं मिळवून घेतल्यात. फॉर्म या कागदांशी जुळला तरच तो सुधारला म्हणायचं, ही तुमची अट. संगणकाच्या माणसानं कागदाला एवढा मान दिलेला मी पहिल्यांदाच बघितला.

मग मूळ दुखणं निघालं. बेरजेच्या चौकटीत =सम([चौकट_रक्कम]) असं लिहिलेलं होतं. रक्कम फॉर्मवर समोर दिसतेय, मग तिची बेरीज का होऊ नये, हा माझा सरळ सवाल. तुम्ही सांगितलंत की सम हे बेरजेचं फंक्शन फक्त फॉर्मच्या मागच्या टेबलातले नाहीतर क्वेरीतले, म्हणजे टेबलातून निवडून काढलेल्या यादीतले, रकाने ओळखतं. फॉर्मवरच हिशेब करून दाखवलेली चौकट त्याच्या खिजगणतीतही नसते. वजन किलोत, दर क्विंटलचा, म्हणून =सम([वजन]*[दर]/100) असा पुरा हिशेब तिथं लिहिला तरी चाललं असतं. पण तुम्ही क्वेरीतच 'रक्कम' नावाचा रकाना केलात आणि खाली नुसतं =सम([रक्कम]) ठेवलंत. तोच रकाना छापील पट्टीलाही कामाला आला. जाता जाता बेरजेच्या चौकटीचं नावही बदललंत. चौकटीचं नाव आणि तिच्या सूत्रातल्या रकान्याचं नाव एकच असलं की ॲक्सेस स्वतःच्याच शेपटीमागे फिरत बसतं, आणि पुन्हा एरर.

ही चौकट बसवलीत सबफॉर्मच्या फूटरमध्ये, म्हणजे तळाच्या भागात. डेटाशीटमध्ये, म्हणजे नुसत्या तक्त्याच्या रूपात, उघडलेल्या सबफॉर्मचा फूटर दिसतच नाही, तेव्हा मला वाटलं, गेली मेहनत. तुम्ही हसलात. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे, तुम्हीही ऐकलेली (2005 च्या पुरात बरीचशी निकामी झाली खरी): वर नुसती जमीन आणि खाली हळद. तसंच हे, बेरीज खाली आहेच, वरून मागायची. मुख्य फॉर्मवर चौकट काढून तुम्ही लिहिलंत =[वक्कल_सब].[फॉर्म]![एकूण]. यातलं पहिलं नाव मुख्य फॉर्मवर सबफॉर्म ज्या कंट्रोलमध्ये (चौकटीत) बसलाय त्या कंट्रोलचं. आतल्या फॉर्मचं वेगळं असू शकतं, आणि तेच लिहिलं की '#नेम?' येतं. आपल्या यार्डात निम्मे लोक इथंच अडकत असणार, माझी खात्री आहे.

बाकीचं पटापट झालं. वक्कल नोंदवायच्या आधी हमाली-तोलाई टाकली की निव्वळ रक्कम कोरी राहायची, कारण कोऱ्यातून काहीही वजा केलं तरी कोरंच उरतं. तिथं एनझेड हे फंक्शन लावून कोऱ्याचं शून्य केलंत. वजन टाकल्यावर एकूण लगेच हलत नाही, ओळ सेव्ह व्हावी लागते, त्यासाठी शिफ्ट धरून एंटर दाबायला शिकवलंत. ती सवय आता बोटांना लागलीय.

एका मुद्द्यावर मात्र आपलं वाजलं. मालकांचं म्हणणं, एकूण रक्कम टेबलात साठवून ठेवा, पुन्हापुन्हा हिशेब कशाला? मीही त्यांच्याच बाजूचा. तुम्ही दर दुरुस्त झालेली ती जुनी पट्टी पुढं केलीत. दर बदलला, वक्कलाची रक्कम बदलली, आणि साठवलेली एकूण रक्कम होती तिथंच. दोन्ही आकडे एकाच पट्टीवर आले तर शेतकऱ्याला काय सांगणार? मालक गप्प झाले. 2010 च्या ॲक्सेसपासून टेबलातच हिशेबाचा रकाना करता येतो हे तुम्ही सांगितलंत, पण तो त्याच ओळीपुरता, वक्कलांची बेरीज काही त्यात बसत नाही.

आणि तो एक रुपया! समजा तीन वक्कलं आहेत: 312.4 किलो 14,850 दरानं, 187.6 किलो 13,900 नं आणि 94.2 किलो 13,200 नं. रकमा होतात 46,391.40, 26,076.40 आणि 12,434.40. फॉर्मवर पैसे लपवलेले, म्हणून शेतकऱ्याला दिसतात 46,391, 26,076 आणि 12,434. तो तोंडी मिळवतो: 84,901. फॉर्म दाखवतो 84,902. रुपया त्याच्याच फायद्याचा, तरी शंका येणारच. फॉरमॅट फक्त दिसणं बदलतं, आतला आकडा नाही, हे तुम्ही दाखवलंत. प्रत्येक ओळ राउंड करता आली असती, पण ॲक्सेसचं राउंड बरोबर 50 पैशांना जवळच्या सम आकड्याकडं झुकतं: 12,434.50 चे 12,434 आणि 12,435.50 चे 12,436. हे यार्डात कुणाला समजावणार? म्हणून तुम्ही पैसे उघडे ठेवलेत आणि तळाला राउंड-ऑफची वेगळी ओळ दिलीत. माझ्या मते सगळ्या कामात हाच निर्णय सगळ्यात शहाणा.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. चहा घेतलात, तोही बिनसाखरेचा, त्याचं आमच्या पोऱ्याला अजून नवल आहे. वयानं माझ्या मुलीएवढ्या असून एकदाही "सोपं तर आहे" म्हणाला नाहीत, हे मी विसरणार नाही.

'अक्षरी रुपये' अजून हातानंच लिहितो. ॲक्सेसमध्ये त्याचं तयार फंक्शन नाही, वेगळा कोड लिहावा लागेल, असं तुम्ही म्हणाला होतात. तो राहू द्या. अक्षर बरं आहे माझं.

आपला,
हळदीच्या पेढीवरचा दिवाणजी,
मार्केट यार्ड, सांगली