राउटर बंद-चालू करण्याआधी पत्ता वाचा : नेटवर्कवाल्या मॅडमना जाहीर आभारपत्र

माननीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या संगणक कक्षातलं नेटवर्क सुरळीत केलंत, त्याचे आभार आहेतच. पण जाहीर पत्र लिहितोय ते आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा आकडी पत्ता, वाचायला शिकवलंत म्हणून. इतर शाळांनाही ते कामी येईल.

'नेट चालत नाही' म्हटलं की जो तो राउटरकडे धावतो. तुम्ही आधी विंडोजची 'आयपीकॉन्फिग /ऑल' ही आज्ञा चालवून पत्ता बघायला लावलंत. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून (संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी, सहसा राउटरमध्येच असलेली सोय) काही आलेलंच नाही, तो विंडोजने स्वतःच घेतलाय. अशा वेळी केबल आणि स्विचचं पोर्ट तपासायचं, ब्राउझरशी झटापट करून उपयोग नाही.

खरी मेख दुसरीकडेच होती. मुख्य राउटर १९२.१६८.१०.१ वर असताना काही संगणकांना १९२.१६८.०.१०४ असले पाहुणे पत्ते मिळत होते. 'डीएचसीपी सर्व्हर' या ओळीवरून तुम्ही चोर पकडलात : वाय-फायसाठी जोडलेला दुसरा राउटर. केबल त्याच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टात आणि डीएचसीपी चालू. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता संगणक साधारणपणे घेतो, म्हणून रोज वेगळीच मशीन अडायची. वर मुख्य राउटर बंद-चालू केला की तो उठेपर्यंत हा दुसराच सगळ्यांना पत्ते वाटणार! तुम्ही त्याचा डीएचसीपी बंद केलात, त्याला १९२.१६८.१०.२ दिलात, केबल लॅनमध्येच ठेवलीत आणि अडलेल्या मशीनवर जुना पत्ता सोडायला '/रिलीज', मग नवा मागायला '/रिन्यू' चालवलंत.

पत्त्याच्या शेवटच्या आकड्यासाठी वाटपाची रेंज १०० ते १९९ ठेवून प्रिंटरला हाताने २० दिलात, म्हणजे तो पत्ता दुसऱ्या कुणाला जायला नको. पुढे २५४ पत्ते अपुरे पडले तर मास्क (पत्त्याचा किती भाग आपल्या नेटवर्कचा, हे ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५४.० करा, ५१० मिळतील, हेही सांगितलंत. मात्र तो प्रिंटरवरही बदलायचा. जुना मास्क राहिला तर १९२.१६८.११ च्या पट्ट्यातले संगणक त्याला परके वाटतात आणि उत्तर थेट न जाता गेटवेकडे (बाहेर जायचं दार, म्हणजे मुख्य राउटरकडे) जातं. हा दोष शोधणं फार चिवट काम, कारण निम्मे लोक प्रिंट काढतच असतात.

पिंगचा (समोरून उत्तर येतं का ते बघणाऱ्या आज्ञेचा) क्रमही पाठ झालाय : आधी गेटवे, मग ८.८.८.८ हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता, मग एखाद्या साइटचं नाव. पहिले दोन लागले आणि नाव लागलं नाही, तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सोय) बघायचं.

राहिला बाहेरून कॅमेरे बघण्याचा प्रश्न. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसतो, म्हणजे आपण इंटरनेट कंपनीच्या नॅटमागे आहोत, एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातोय. तिथे नुसतं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या यंत्राकडे पाठवण्याची राउटरमधली सोय) करून काही होणार नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितल्यामुळे आता कंपनीकडे पब्लिक आयपीसाठी (बाहेरून थेट गाठता येणाऱ्या पत्त्यासाठी) अर्ज केला आहे.

आपले आभारी,
संगणक कक्षाची देखभाल करणारे आम्ही सर्व