सिरपने मला पकडलं

प्रिय सुमे,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस आणि हे सगळं मला एका दमात सांगायचंय, म्हणून कागद घेतला. अक्षराला नावं ठेवायची नाहीत. इकडे सगळे बरे. माझी शुगर होती तिथंच आहे, ह्यांचा गुडघाही.

आपल्या सिरपने मला पकडलं गं. तुझ्या डोळ्यासमोर ती अजून दुपट्यातलीच असणार. अकरावी सायन्सला गेली, माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीय. आईचा एचआयव्ही पोरीला लागू नये म्हणून 2009 साली कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापीनची ती एकच गोळी आणि बाळाला 72 तासांच्या आत सिरप, एवढंच आपल्या हातात होतं. त्यातलंही निम्मं पोरीनं तुझ्या पदरावर थुंकलं, तेव्हापासून ती आपली सिरप. मग अठराव्या महिन्याला रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि तू अख्ख्या ओपीडीत पेढे वाटलेस. कशाचे म्हणून विचारलं की 'भाऊ पास झाला' म्हणायचीस. तुला भाऊ नाही हे शिपायालासुद्धा माहीत होतं.

तर झालं असं, की तिचा मामा हैदराबादहून परत आला. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात होता. आला तोच खोकत. ऍसिडच्या धुरानं होतंय असंच सगळे म्हणत राहिले, कारण विट्याकडे गलाईवाला खोकला की हेच म्हणायची पद्धत आहे. एकच खोली, वर पत्रा, डासांमुळे खिडकी बंद. पोरगी त्याच खोलीत रात्री एक-एक वाजेपर्यंत फिजिक्स करत बसायची. शेवटी बेडका तपासला तर टीबी. मामाचं आता छान चाललंय, गोळ्या सुरू आहेत, वजन वाढतंय. सरकारकडून पोषणाचे महिन्याला पाचशे रुपये होते, ते नोव्हेंबर 2024 पासून हजार झालेत. त्यात तो अंडी खातो की आणखी काय, देव जाणे.

मग घरच्यांची तपासणी. तुझ्या वेळी आपण टीबी होऊ नये म्हणून पाच वर्षांखालच्या लेकरांनाच आयसोनियाझिडच्या गोळ्या द्यायचो. 2021 पासून घरातल्या सगळ्यांनाच प्रतिबंधाच्या गोळ्या आहेत. आधी टीबी नाही ना ते बघायचं आणि पाच वर्षांवरच्यांत जमेल तिथं संसर्गाची टेस्ट. ती टेस्ट म्हणजे मांटू. हातावर सुई टोचायची. दोन-तीन दिवसांनी फुगवटा मिलिमीटरमध्ये मोजायचा, ठरलेल्या मापापेक्षा जास्त म्हणजे संसर्ग आहे. सिरप कंपासपेटीतली पट्टी घेऊनच आली होती. मी पेन टेकवायच्या आत तिनं स्वतःच मोजलं. 'चौदा,' म्हणाली, गणिताचे मार्क सांगावेत तशी.

एक्स-रे स्वच्छ. खोकला नाही, ताप नाही. मी माझं ठरलेलं पुराण लावलं, की जंतू शिरलाय पण झोपलाय, उठायच्या आत औषध घ्यायचं. तर म्हणते, 'मॅडम, मी बायोलॉजी घेतलीय.' गप्प बसले. मग तिनं विचारलं, आणि ते तिच्याच शब्दांत लिहिते:

'मला सुई टोचली, दोन दिवसांनी बोलावलं, एक्स-रे काढला. आईला नुसते चार प्रश्न विचारले आणि थेट गोळ्या दिल्या. घर एक, मामा एक. मग आईची टेस्ट का नाही केली?'

सुमे, आता तू सांग, काय बोलायचं? नियम तुला पाठ आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाची ही टेस्ट करत बसायचं नाही. खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम, चारही नाहीत ना, मग सुरू करा गोळ्या. तिची आई मागे एकदा द्राक्षांच्या हंगामात हा कोर्स अर्धा सोडून कामाला गेली होती, म्हणून या वेळी मीच मागे लागले होते. इतक्या वर्षांत आपल्या बायकांपैकी कुणी, कुणाच्या नवऱ्यानं, कुणाच्या सासूनं हा फरक हेरला नव्हता. या कार्टीनं पहिल्या फेरीत हेरला.

किट संपलं होतं असं सांगता आलं असतं. आपल्याकडे ते कुणालाही पटतं. पण ही दुसऱ्या दिवशी किट बघायला आली असती. 'ते डॉक्टर ठरवतात,' म्हटलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला टेबलावरचे कागद सारखे करावेसे वाटले.

2017 च्या एचआयव्हीच्या कायद्यानं तिच्या आईच्या लेखी संमतीशिवाय मी तोंड उघडू शकत नाही, आणि उघडायचंही नाही. हा कायदा नसतानाही माझं मत हेच होतं. तासगावच्या स्टँडवर आपण यावरूनच भांडलो होतो ना? तू म्हणालीस, पोरीला बाराव्या वर्षी सांगून टाकायला लावू. मी म्हटलं, आईचा आजार आहे, आईच ठरवेल. मग सांगलीपर्यंत तू बोलली नाहीस आणि भडंगाचा अख्खा पुडा एकटीनं संपवलास. मत माझं आजही तेच आहे. भडंगाचंही विसरलेले नाही.

पण खरा घोर वेगळाच आहे. ती गोळ्या घ्यायला तयार नाही. 'मी आजारी नाही,' म्हणते. 'आजारी नसताना रोज गोळ्या खाणारं माणूस मी घरात बघितलंय. मला तसं व्हायचं नाही.' आता बोल! आई सांगते की रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या आहेत. बाटली खुळखुळू नये म्हणून आत कापूस भरते आणि डाळीच्या डब्यात ठेवते. डब्यातला तो कापूस पोरीनं कधीच बघितला नसेल, असं तुला वाटतं? मला नाही वाटत. तिला ठाऊक आहे, किंवा निम्मं ठाऊक आहे आणि उरलेलं ती माझ्याकडून काढून घेतेय.

सगळेच मला म्हणतात, निगेटिव्ह आहे ना, मग कशाला एवढं? अगं, वयच वाईट आहे. पाच ते दहाची पोरं या रोगातून बरीच वाचतात, पण वयात आली की आकडा चढायला लागतो आणि तेव्हाचा टीबी मोठ्यांसारखा होतो, फुप्फुसाला भोक पाडणारा, दुसऱ्यांना लागणारा. ही तर क्लासला बंद एसी हॉलमध्ये खच्चून भरलेल्या पोरांत बसते. मागच्या ट्रेनिंगला एका डॉक्टरांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वूस्टरचा अभ्यास दाखवला. केप टाउनच्या पुढे आहे ते. 12 ते 18 वर्षांच्या शाळकरी मुलांत निम्म्यांच्या अंगात हा संसर्ग! तिथंही एचआयव्ही, तिथंही द्राक्षं. मला आपलाच तालुका दिसायला लागला. आपल्या 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्यांत 31 टक्के निघालेच आहेत. त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही हेही खरं, शंभरात पाच-दहांनाच होतो. पण नव्यानं लागलेल्याला पहिली दोन वर्षं जास्त धोक्याची, आणि हिला तर आत्ताच लागलाय. आणि घरात आई आहे. हिचा जंतू उठला तर पहिला घाला कुणावर, ते तुला सांगायला नको. नेमकं हेच तिला सांगितलं तर ती उभ्या उभ्या गोळ्या गिळेल. आणि हेच सांगता येत नाही.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे तिच्यासाठी आठवड्याला एकदाच घ्यायचा कोर्स आहे, बारा आठवडे, बारा डोस. रोजचं काही नाही. हे ऐकून जरा मऊ झाली. मग मी शहाणपणानं सांगितलं की लघवी नारिंगी होईल, घाबरू नकोस. झालं! कॉलेजच्या संडासात पाणी नसतं, मैत्रिणी बघतील. वर 'रजिस्टरात माझं नाव कशाला?' आणि 'आशाताई गल्लीत येणार का?' मी म्हटलं, रविवारी घे, सोमवारी दुपारपर्यंत घरीच राहा, आशाताईंना मी सांगते, तूच इकडे येत जा. 'बघू,' म्हणाली. सोळा वर्षांच्या पोरीचं 'बघू' म्हणजे काय ते तुझ्या लेकीनं तुला शिकवलंच असेल.

काल तिच्या आईला एकटीला बोलावलं. काही दडवलं नाही, प्रश्न जसाच्या तसा सांगितला. बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, 'मॅडम, माज्या तोंडातनं न्हाई निघायचं. त्या पेढेवाल्या मॅडमना बोलवा. त्या असल्या तर मी सांगीन.'

बघ, म्हणजे पेढे तुझेच लक्षात राहिले. मी सोळा वर्षं इथं बसलेय त्याचं काही नाही.

लेकीचं लग्न ठरलं ते मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, त्यावर सविस्तर भांडू. मुलगा बरा आहे ना? तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? चष्म्याशिवाय हे पत्र वाचत असशील तर वाचू नकोस.

तर येणार का? नाशिकहून रात्रीची गाडी धरलीस तर सकाळी पोचशील. शनिवारी पोरीचा क्लास दुपारी सुटतो आणि आईची कामाची पाळी नसते. मी संमतीचा कागद तयार ठेवते. तू फक्त शेजारी बस, बोलायचं तिनंच. मधे तोंड घालायचं नाही. ते जमत असेल तरच तिकीट काढ आणि मला कळव, म्हणजे मी आईला वार सांगते. पहिला डोस त्याच्या दुसऱ्या दिवशीचा धरलाय.

तुझी,
मंदी

ता. क. भडंग मी आणेन. दोन पुडे.